सांगणे आणि शिकविणे : आरोग्यसेविकेच्या कामापासून शाळेने घ्यावयाचा बोध



पावसाळा सुरू झाला, ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आले, की गावोगावी जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात. मोठ्या माणसास दोनचार दिवसांचा अशक्तपणा देऊन जाणारा हा विकार तान्ह्या मुलाचा मात्र थोड्या अवधीत घात करू शकतो. मुलाच्या जिवावर बेतते ते बहुधा जुलाबाने नव्हे, तर जुलाबावाटे शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्यामुळे व क्षारांमुळे. हे पाणी व क्षार तोंडावाटे वेळीच परत दिले तर बहुतेक मुले वाचतात. ते देण्याचे साधन म्हणजे जलसंजीवनीची पुडी. ती उपकेंद्रात व गावातील आशा स्वयंसेविकेकडे विनामूल्य मिळते.

औषध आहे, ते महाग नाही आणि ते दूरही नाही. मग उणीव कशाची राहते? उणीव राहते ती शिकविण्याची. ही पुडी किती पाण्यात कालवावी, मुलास कशी पाजावी आणि दवाखाना केव्हा गाठावा, हे आईला नीट उमगले नसेल, तर पुडी फडताळात पडून राहते किंवा भलत्याच रीतीने वापरली जाते. रुग्णाला व त्याच्या घरच्यांना हे ज्ञान देणे हा परिचारिकेच्या कामाचा एक मुख्य भाग आहे. हे काम आपल्या वर्गातील कामाहून फारसे निराळे नाही. म्हणून त्यासंबंधी चार गोष्टी या पुस्तिकेत मांडणे उचित वाटते.

परिचारिका ही शिक्षिकाही असते

परिचारिका म्हटली की सुई टोचणारी, जखम बांधणारी, ताप पाहणारी बाई आपल्या डोळ्यांसमोर येते. ही कामे दिसतात, म्हणून ती लक्षात राहतात. परंतु रुग्ण दवाखान्यात असतो थोडे दिवस आणि घरी असतो वर्षानुवर्षे. मधुमेहाच्या रोग्याने पायाची काळजी कशी घ्यावी, क्षयाच्या रोग्याने बरे वाटू लागल्यावरही गोळ्या का सोडू नयेत, बाळंतिणीने पहिल्या तासातच बाळास अंगावर का घ्यावे, हे सारे घरी पाळावयाचे असते. तेथे परिचारिका हजर नसते. तेथे असते ते केवळ तिने शिकविलेले.

हा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, ते मुख्यत्वे धंदेवाईक परिचारिकांसाठी नव्हते. घरोघरी ज्या स्त्रियांवर दुसऱ्यांच्या प्रकृतीची जबाबदारी पडते त्यांच्यासाठी ते होते. पुढे १८९२ साली इंग्लंडातील बकिंगहॅमशायर परगण्यात खेड्यापाड्यांतील घरी जाऊन मातांना आरोग्याचे धडे देणाऱ्या स्त्रिया तयार करण्याच्या योजनेस त्यांनी चालना दिली. १९७८ साली आल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी अंगे सांगितली, त्यांत पहिले स्थान लोकशिक्षणाला दिले. १९८६ साली कॅनडातील ओटावा येथील परिषदेने आरोग्यसंवर्धनाची व्याख्या केली, तिचा आशय असा की आपल्या आरोग्यावर आपला ताबा वाढविण्याचे सामर्थ्य लोकांच्या ठायी आणणे म्हणजे आरोग्यसंवर्धन.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. एका रुग्णाला त्याच्या एका रोगासंबंधी शिकविणे हे रुग्णशिक्षण होय. रोग होऊच नये म्हणून साऱ्या गावाला हात धुण्याची, पाणी झाकून ठेवण्याची, शौचालय वापरण्याची सवय लावणे हे आरोग्यसंवर्धन होय. पहिले काम बव्हंशी आरोग्यसेविकेचे आहे. दुसऱ्यात मात्र शिक्षकाचा वाटा तिच्याइतकाच मोठा आहे. आपल्या राज्यात १९६१ च्या अधिनियमानुसार जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हापासून खेड्यातील प्राथमिक शाळा व आरोग्य उपकेंद्र ही एकाच घरची लेकरे आहेत. एकाने दुसऱ्याचे पाहून शिकावे यात कमीपणा तो कसला?

‘समजले का?’ या प्रश्नातील धोका

आरोग्यसेविका पुडी देते, कृती सांगते आणि विचारते, ‘समजले का, बाई?’ समोरची माता मान हलवून म्हणते, ‘हो, ताई.’ येथे दोघींचाही समज होतो की काम झाले. वस्तुतः या ‘हो’ने काहीच सिद्ध होत नाही. मूल आजारी असल्यामुळे आईचे चित्त थाऱ्यावर नसते. ताई शिकलेल्या, आपण अडाणी, पुन्हा विचारले तर हसतील, असा संकोच असतो. दारात आणखी चार बाया खोळंबलेल्या असतात. आणि काही वेळा तिला खरोखरच समजल्यासारखे वाटते. पण समजल्यासारखे वाटणे आणि करता येणे यांत पुष्कळ अंतर आहे.

हा अनुभव आपल्याला नवा आहे काय? वर्गात भागाकाराची रीत फळ्यावर सोडवून आपण ‘समजले का?’ असे विचारतो आणि चाळीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी गणित घातले की खरी स्थिती कळते. गणित चुकले तर वही तरी सुधारता येते. पुडीचे गणित चुकले तर वेळ हाती राहतेच असे नाही.

प्रस्तुत लेखकाने हा धडा एका शाळाभेटीत घेतला. परिपाठाच्या वेळी पाचवीतील एका मुलीने जलसंजीवनीची कृती अस्खलित म्हणून दाखविली. एक लिटर स्वच्छ पाणी, एक पुडी, चोवीस तासांच्या आत वापरावे, असे सारे बरोबर. वर्गात समाधान पसरले. लेखकाच्या पिशवीत त्या दिवशी योगायोगाने एक पुडी होती. ती मुलीच्या हाती देऊन ‘आता करून दाखव’ असे सांगितले. तिने टेबलावरचे पिण्याचे फुलपात्र उचलले, ते पाण्याने भरले आणि लिटरभर पाण्याची ती सबंध पुडी त्यात रिकामी केली. ‘बाळ, हे लिटर आहे का?’ असे विचारता ती गोंधळून म्हणाली, ‘घरी लिटर नाही, गुरुजी. घरी फुलपात्र आहे.’

त्या मुलीचे काही चुकले नव्हते. तिला वाक्य शिकविले होते, माप शिकविले नव्हते. आदल्या वर्षी याच शाळेच्या शेरेवहीत ‘आरोग्यशिक्षण समाधानकारक’ असा शेरा प्रस्तुत लेखकानेच लिहिला होता, आणि तो केवळ पाठांतर ऐकून लिहिला होता. तेव्हा चूक मुलीपेक्षा शिक्षकाची आणि शिक्षकापेक्षा तपासणाऱ्याची अधिक होती.

माप एवढे महत्त्वाचे का? लहान आतड्यात मिठातील सोडियम व ग्लुकोज साखर ही एकमेकांच्या जोडीने शोषली जातात आणि त्यांच्याबरोबर पाणीही रक्तात ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी असते. जलसंजीवनीचे सारे रहस्य यात आहे. परंतु हे प्रमाण साधले तरच काम होते. पाणी फार कमी घेतले तर मीठ व साखर यांची तीव्रता वाढून लहान मुलास अपाय होतो. पाणी फार जास्त घेतले तर गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

शेजारच्या देशातील एक मोठी शाळा

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या. त्यांचे पाणी पिंपांत कालवून ते रुग्णांच्या आप्तांच्याच हाती दिले आणि पाजावयास सांगितले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून शेकडा ४ च्याही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. छावणीतील आई व बहीण यांना पाजावयास शिकविता येते, त्यासाठी डॉक्टरच लागतो असे नाही, ही त्या यशातील अर्धी गोष्ट होती.

परंतु छावणीत जे डॉक्टरांच्या नजरेखाली घडले ते दूरच्या खेड्यातील झोपडीत कसे घडावयाचे? हे काम स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने अंगावर घेतले. त्या वेळी पुड्या सर्वत्र पोचविणे शक्य नव्हते. म्हणून घरात असलेल्या वस्तूंचाच उपयोग करावयाचे ठरले. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, पाणी. १९८० पासून १९९० पर्यंत ब्रॅकच्या स्त्री कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि १ कोटी २० लक्षांहून अधिक घरांत त्यांनी ही कृती शिकविली.

ही संख्या थोर खरीच. पण आपण शिक्षकांनी पाहावयाची गोष्ट निराळी आहे. आरंभी एकेक कार्यकर्ती दिवसाला वीसपर्यंत मातांना शिकवीत असे. काही आठवड्यांनी तपासनीस त्याच घरी गेले, तेव्हा आढळले की घाईमुळे शिकवणी कच्ची राहते. म्हणून दिवसाला दहाच घरे अशी मर्यादा घालण्यात आली. त्याहून विशेष म्हणजे कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे केली यावर न ठेवता, तपासनिसाने विचारले असता मातांच्या ध्यानी किती मुद्दे राहिले यावर ठेवण्यात आला. शिकविणाऱ्याची कमाई शिकणाऱ्याच्या स्मरणावर! या बदलानंतर शिकवणी सुधारली. आपण करून दाखविण्यापेक्षा मातेच्या हातून पाणी करवून घेतले तर ते पक्के बसते, हेही कार्यकर्त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

तरीही एक अडचण उरली. मातांना कृती आठवे. पण मूल आजारी पडल्यावर ती वापरणाऱ्या फार थोड्या निघत. शोध घेता कळले की शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास बसलेला नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले तर त्या दुसरेच औषध घेत. मग हे पाणी शरीरात कसे काम करते ते त्यांना समजावून देण्यात आले. घरातील पुरुषांना वगळून चालणार नाही हेही उमगले आणि त्यांच्याशीही बोलणे सुरू झाले. तात्पर्य, जे आपल्याला पटलेले नाही ते आपण दुसऱ्यास शिकवू शकत नाही. आणि घरातील एकालाच शिकवून घराची रीत बदलत नाही.

परत सांगवून घेण्याची रीत

परिचर्येच्या शिक्षणात या अनुभवाशी जुळणारी एक साधी रीत सांगितली जाते. तिला आपण ‘परत सांगवून घेणे’ असे म्हणू. तिच्या पायऱ्या अशा :

एक, एका वेळी दोन किंवा तीनच गोष्टी सांगाव्या, आणि त्या रुग्णाच्या घरच्या शब्दांत सांगाव्या.

दोन, ‘समजले का?’ असे न विचारता, ‘घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारले तर त्यांना हे कसे सांगाल?’ असे विचारावे.

तीन, हाताने करावयाची गोष्ट असेल तर ती करवून घ्यावी, आणि शक्यतो घरच्याच भांड्यात.

चार, चुकल्यास ‘तुम्ही लक्ष दिले नाही’ असे म्हणू नये. ‘माझ्या सांगण्यात कसर राहिली, मी निराळ्या तऱ्हेने सांगते’ असे म्हणावे, आणि पुन्हा सांगवून घ्यावे.

यांतील चौथी पायरी सर्वांत कठीण व सर्वांत मोलाची आहे. परीक्षा येथे शिकणाऱ्याची नसून शिकविणाऱ्याची आहे, हे तीत गृहीत धरलेले आहे. पालथ्या घड्यावर पाणी अशी म्हण आपण सहज वापरतो; पण घडा सुलटा करण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न विचारीत नाही. अध्यापक विद्यालयात आपण पाठाच्या पायऱ्या शिकलो. प्रस्तावना, हेतुकथन व विषयप्रतिपादन टाचणात नेटके उतरतात. उपयोजनाची पायरी मात्र तास संपल्याची घंटा गिळून टाकते. आरोग्याच्या पाठात ही पायरी गाळली तर पाठ झालाच नाही असे समजावे.

शाळेत द्यावयाचा पाठ

पुढील पाठ चौथीपासून वरच्या वर्गांस द्यावा. आशा स्वयंसेविकेस किंवा आरोग्यसेविकेस आधी कळवून शक्यतो त्यांच्या उपस्थितीत द्यावा.

प्रत्येक मुलाने घरून पाणी पिण्याचे एक भांडे आणावे. लिटरच्या मापाने पाणी ओतून त्या भांड्यांत ते कोठवर येते, किंवा किती फुलपात्रांचा एक लिटर होतो, हे मुलांनी मोजून वहीत लिहावे. गणिताचा तास येथेच सार्थकी लागतो. नंतर पुडीवरील मजकूर मुलांकडून वाचून घ्यावा. काही पुड्या एक लिटर पाण्यासाठी असतात, तर काही लहान पुड्या २०० मिलिलिटरसाठी असतात. म्हणून पुडीवरील माप वाचल्यावाचून ती फोडावयाची नाही, हा नियम ठरवावा. जो मुलगा हे वाचू शकतो तो आपल्या निरक्षर आजीच्या घरात एक मोठे काम करू शकतो. दुकानात मिळणारी फळांच्या रसासारखी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे, हेही येथेच सांगावे.

मग एका मुलाने हात साबणाने धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण पुडी कालवावी आणि इतरांनी त्याची चूक शोधावी. पुडी मिळतच नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण दाखवावे. परंतु पुडी मिळत असता पुडीच वापरावी. केलेले पाणी झाकून ठेवावे व चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

पाजण्याची रीतही करवून घ्यावी. दोन वर्षांच्या आतील मुलास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट किंवा चमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार बंद करू नये. जुलाबात पोटाला विसावा द्यावा म्हणून मुलास उपाशी ठेवण्याची चाल काही घरांत आहे. ती घातक आहे. यासोबत आरोग्यसेविकेने दिलेल्या जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्या.

शेवटी धोक्याच्या खुणा मुलांकडून म्हणवून घ्याव्या. शौचात रक्त पडणे, मुलास पाणी पिता न येणे, पोटात काहीच न ठरणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल किंवा बेशुद्ध होणे, लघवी फार कमी होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू पूर्ववत होणे. यांपैकी एकही खूण दिसली तर घरी थांबू नये. वाटेत पाणी पाजीत पाजीत मुलास दवाखान्यात न्यावे. दोन महिन्यांच्या आतील बाळास जुलाब झाले तर खुणांची वाटच पाहू नये.

पाठानंतर एक आठवड्याने खरे मूल्यमापन करावे. मुलाने ही कृती घरी कोणास शिकविली, आणि त्या व्यक्तीने ती परत कशी सांगितली, एवढेच विचारावे. एकदोन घरी शिक्षकाने स्वतः जाऊन पाहावे. मुलाच्या वहीतील उत्तरापेक्षा त्याच्या आईच्या हातातील तांब्या हे अधिक खरे प्रगतिपत्रक आहे.

समारोप

यापुढे शाळाभेटीत आरोग्यशिक्षणाचा शेरा पाठांतर ऐकून लिहिला जाणार नाही, असे प्रस्तुत लेखकाने स्वतःपुरते ठरविले आहे. शिक्षकांनीही टाचणवहीत ‘माहिती सांगितली’ असे न लिहिता ‘मुलांनी करून दाखविले’ असे लिहिता येईल तेव्हाच तो पाठ पुरा मानावा, ही विनंती.

आरोग्यसेविका गावात रोज नसते. तिच्याकडे अनेक गावे असतात. शाळा मात्र रोज भरते आणि तिची मुले रोज घरी जातात. त्यांच्यापैकी एखाद्या घरी आज रात्री पाळण्यातले मूल मलूल होईल. तेव्हा हाताशी ना डॉक्टर असेल, ना गुरुजी. असेल ती आपल्या वर्गातली एक मुलगी, आणि तिच्या हातात एक पुडी. तिला किती पाणी घ्यावयाचे हे ठाऊक असले, म्हणजे आपण शिकविले असे म्हणावयास हरकत नाही.